ज्येष्ठ व्यक्तींचे पडणे आणि संतुलनाचा व्यायाम : न्यूझीलंडमधील ओटॅगो कार्यक्रमाच्या आधारे एक विवेचन

सारांश :

उतारवयातील पडणे हा वार्धक्याचा अटळ भाग आहे, अशी समाजात सर्वसाधारण समजूत आहे. गेल्या तीन दशकांतील संशोधनाने ही समजूत बऱ्याच अंशी चुकीची ठरविली आहे. तोलाला आव्हान देणारा व पायांचे बळ वाढविणारा नियमित व्यायाम पडण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी करतो. केवळ चालण्याच्या व्यायामाबाबत मात्र तसा खात्रीलायक पुरावा मिळत नाही. प्रस्तुत लेखात न्यूझीलंडमधील ओटॅगो व्यायाम कार्यक्रम केंद्रस्थानी ठेवून या निष्कर्षामागील कार्यकारणभाव, व्यायामाचे स्वरूप, त्याच्या मर्यादा आणि महाराष्ट्राच्या संदर्भात त्याची उपयुक्तता यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : ज्येष्ठ नागरिक, पडणे, संतुलन, स्नायुबळ, ओटॅगो कार्यक्रम, प्रतिबंध.

प्रस्तावना :

चालायला शिकणारे मूल पडले की 'पडे झडे माल वाढे' असे म्हणून मराठी घरात त्याची समजूत काढली जाते. बालकाच्या बाबतीत ही म्हण खरीच आहे. पडता-पडताच त्याचे शरीर तोल सांभाळायला शिकते. वयाची सत्तरी गाठलेल्या व्यक्तीच्या बाबतीत मात्र चित्र उलटे असते. स्नानगृहात पाय घसरणे, उंबरठ्याला ठेच लागणे किंवा रात्री अंधारात उठताना तोल जाणे अशा क्षणभराच्या घटनेतून खुब्याचे हाड मोडते, शस्त्रक्रिया होते, अंथरूण धरावे लागते आणि काल-परवापर्यंत स्वतःची कामे स्वतः करणारी व्यक्ती परावलंबी होते.

अशा प्रसंगानंतर कुटुंबीयांची प्रतिक्रिया बहुधा प्रेमापोटीच असते. "आता तुम्ही काही करू नका, एका जागी बसून राहा," असे आई-वडिलांना बजावले जाते. या सल्ल्यामागील काळजी खरी असली, तरी त्याचा परिणाम हेतूच्या नेमका विरुद्ध होतो. बसून राहिलेल्या शरीराचा तोल अधिक ढासळतो आणि पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. ही विसंगती समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा मुख्य हेतू आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) ज्येष्ठांच्या पडण्याची व्याप्ती व कारणे स्पष्ट करणे.
२) पडण्याच्या प्रतिबंधात व्यायामाचे स्थान संशोधनाच्या आधारे तपासणे.
३) केवळ चालणे पुरेसे का ठरत नाही, याची मीमांसा करणे.
४) महाराष्ट्रातील उपलब्ध व्यवस्थांमध्ये अशा व्यायामाचा समावेश कसा करता येईल, याचा विचार करणे.

पडणे : संकल्पना व व्याप्ती :

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार, व्यक्ती नकळत जमिनीवर, फरशीवर किंवा अन्य खालच्या पातळीवर येऊन स्थिरावते, त्या घटनेस 'पडणे' असे म्हणतात. या व्याख्येत इजा होण्याची अट नाही, ही बाब महत्त्वाची आहे. इजा न झालेले पडणे घरात विसरले जाते, डॉक्टरांना सांगितलेही जात नाही. परंतु पुढील गंभीर पडण्याची ती पूर्वसूचना असू शकते.

संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार ६५ वर्षांवरील २८ ते ३५ टक्के व्यक्ती दरवर्षी किमान एकदा पडतात. सत्तरीनंतर हे प्रमाण ३२ ते ४२ टक्क्यांपर्यंत जाते. सर्व वयोगट मिळून जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार व्यक्ती पडण्यामुळे मृत्युमुखी पडतात, असा संघटनेचा अंदाज २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. म्हणजेच हा केवळ श्रीमंत, वृद्धबहुल देशांचा प्रश्न नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षांवरील लोकसंख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती, तर महाराष्ट्रात एकूण लोकसंख्येशी तिचे प्रमाण ९.९ टक्के होते. देशाच्या ८.६ टक्के या सरासरीपेक्षा ते अधिक होते.

तोल सांभाळण्याची प्रक्रिया :

माणूस स्थिर उभा आहे असे वाटते, तेव्हाही त्याचे शरीर सूक्ष्मपणे डोलत असते आणि क्षणोक्षणी स्वतःला सावरत असते. या सावरण्यासाठी मेंदूला तीन मार्गांनी माहिती मिळते : डोळ्यांकडून, अंतर्कर्णातील संतुलनेंद्रियाकडून आणि तळपाय, सांधे व स्नायू यांतील संवेदनांकडून. या माहितीच्या आधारे मेंदू घोट्याच्या, मांडीच्या व कमरेच्या स्नायूंना आज्ञा देतो. हलका धक्का घोट्याच्या हालचालीने सावरला जातो, त्याहून मोठा धक्का कमरेच्या हालचालीने आणि सर्वांत मोठा धक्का झटकन एक पाऊल पुढे वा बाजूला टाकून.

वयोमानानुसार या साखळीतील प्रत्येक दुवा सैल होतो. दृष्टी मंदावते, तळपायांची संवेदना कमी होते, प्रतिक्रियेचा वेळ वाढतो आणि स्नायूंचे वस्तुमान घटते. त्यातही वेगाने आकुंचन पावणारे स्नायुतंतू अधिक प्रमाणात घटतात. त्यामुळे बळापेक्षाही बळ तत्परतेने वापरण्याची क्षमता आधी कमी होते. ठेच लागल्यावर पाऊल पुढे टाकण्यासाठी मात्र नेमकी हीच तत्परता लागते. अनेक ज्येष्ठ व्यक्ती "पाय उचलायच्या आतच पडलो" असे सांगतात, त्यामागील शारीरिक कारण हे आहे.

झोपेची व मानसिक विकारांवरील काही औषधे, उभे राहताच रक्तदाब उतरणे, मोतीबिंदू, मधुमेहामुळे पायांना येणारी बधिरता, ओली फरशी, सरकणारे पायपुसणे, अपुरा प्रकाश ही कारणेही तितकीच खरी आहेत. तथापि यांपैकी अनेक कारणे बाहेरून दूर करता येतात, तर स्नायुबळ व तोल ही शरीराची क्षमता आतूनच घडवावी लागते. ती उतारवयातही घडविता येते, हा या विषयातील सर्वांत आशादायक निष्कर्ष होय.

भीतीचे दुष्टचक्र :

एकदा पडलेल्या व्यक्तीच्या मनात पुन्हा पडण्याची भीती घर करते. इजा झालेली नसली तरीही ही भीती निर्माण होऊ शकते. भीतीमुळे व्यक्ती बाहेर जाणे टाळते, जिना टाळते, खाली बसणे टाळते. हालचाल घटल्याने मांडीचे स्नायू क्षीण होतात आणि तोल सावरण्याच्या प्रतिक्रियांचा सराव सुटतो. परिणामी पडण्याचा धोका खरोखरच वाढतो आणि भीती सार्थ ठरते. कुटुंबीयांचा 'बसून राहा' हा सल्ला या चक्राला गती देतो. हे चक्र ज्या ठिकाणी तोडता येते, ते ठिकाण म्हणजे सुरक्षित वातावरणातील व क्रमाक्रमाने वाढत जाणारा व्यायाम.

ओटॅगो व्यायाम कार्यक्रम :

न्यूझीलंडच्या डुनेडिन शहरातील ओटॅगो विद्यापीठात जॉन कॅम्पबेल, क्लेअर रॉबर्टसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात घरी करावयाचा एक व्यायाम कार्यक्रम विकसित केला. त्याची पहिली यादृच्छिक नियंत्रित चाचणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. ८० वर्षे व त्यावरील वयाच्या २३३ स्त्रिया तीत सहभागी होत्या. निम्म्या स्त्रियांना फिजिओथेरपिस्टने घरी येऊन व्यायाम शिकविला, तर उर्वरित स्त्रियांना तितक्याच वेळा केवळ सदिच्छा भेटी देण्यात आल्या. वर्षाअखेरीस भेटी दिलेल्या गटात १५२ वेळा, तर व्यायाम करणाऱ्या गटात ८८ वेळा पडण्याच्या घटना नोंदल्या गेल्या. ज्या वयात नवीन काही शिकणे अशक्य मानले जाते, त्या वयातील हा परिणाम होता.

या कार्यक्रमाच्या चार चाचण्यांतील ६५ ते ९७ वर्षे वयाच्या १,०१६ व्यक्तींची माहिती २००२ मध्ये एकत्रितपणे तपासण्यात आली. पडण्याच्या घटना व त्यातून होणाऱ्या इजा या दोहोंत ३५ टक्के घट झाल्याचे तीत आढळले. ८० वर्षांवरील व यापूर्वी पडलेल्या व्यक्तींना तुलनेने अधिक लाभ झाला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत फिजिओथेरपिस्टकडून प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेनेच हा कार्यक्रम राबविला आणि तरीही पडण्याचे प्रमाण घटले. जेथे तज्ज्ञांची संख्या अपुरी आहे, अशा प्रदेशांसाठी ही बाब विशेष महत्त्वाची ठरते.

कार्यक्रमाचे स्वरूप साधे आहे. हलक्या पूर्वतयारीनंतर पायांच्या बळासाठी ५ आणि संतुलनासाठी १२ व्यायामप्रकार असतात. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी सुमारे अर्धा तास ते करावयाचे असतात. त्याखेरीज आठवड्यातून किमान दोनदा चालणे अपेक्षित आहे.

बळाच्या व्यायामांत घोट्याला वजन बांधून खुर्चीत बसल्या-बसल्या गुडघा सरळ करणे, उभे राहून गुडघ्यातून पाय मागे दुमडणे, पाय बाजूला उचलणे, तसेच चवड्यांवर व टाचांवर उभे राहणे यांचा समावेश होतो. संतुलनाच्या व्यायामांत गुडघे किंचित वाकविणे, मागे चालणे, बाजूला चालणे, इंग्रजी आठच्या आकारात वळत चालणे, एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला लावून उभे राहणे व तसेच चालणे, एका पायावर उभे राहणे, खुर्चीतून उठणे-बसणे आणि जिना चढणे-उतरणे असे प्रकार आहेत.

या कार्यक्रमाचे खरे मर्म त्याच्या चढत्या क्रमात आहे. सुरुवातीला भक्कम आधार धरून केलेला प्रकार जमू लागला की आधार कमी करावयाचा, पुढे तो सोडावयाचा. आठ-दहा वेळा सहज जमू लागले की वजन वाढवावयाचे. पहिल्या दोन महिन्यांत चार भेटी व सहा महिन्यांनी आणखी एक भेट देऊन ही पातळी व्यक्तीनुसार ठरविली जाते. मधल्या काळात दूरध्वनीवरून विचारपूस केली जाते.

केवळ चालणे पुरेसे का नाही ? :

महाराष्ट्रात 'ज्येष्ठांचा व्यायाम' म्हणजे सकाळ-संध्याकाळचे फिरणे, असे समीकरण रूढ आहे. हृदय, रक्तदाब, मधुमेह व मनःस्वास्थ्य यांसाठी फिरणे हितकारकच आहे. पडण्याच्या प्रतिबंधाबाबत मात्र पुरावा वेगळे सांगतो.

शेरिंग्टन व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये कोक्रेन संस्थेसाठी केलेल्या पुनरावलोकनात २५ देशांतील १०८ चाचण्या व २३,४०७ व्यक्तींचा समावेश होता. त्यानुसार व्यायामामुळे पडण्याच्या घटना २३ टक्क्यांनी घटतात. सोप्या भाषेत सांगावयाचे तर, एक हजार ज्येष्ठ व्यक्तींमध्ये वर्षभरात पडण्याच्या ८५० घटना घडत असतील, तर व्यायामामुळे त्यांपैकी सुमारे १९५ टळतात. प्रकारवार पाहता, संतुलन व दैनंदिन हालचालींवर आधारित व्यायामाने २४ टक्के घट झाली. अनेक प्रकार एकत्र असलेल्या, मुख्यतः संतुलनासोबत बळाचाही व्यायाम असलेल्या कार्यक्रमांनी सुमारे ३४ टक्के, तर ताई-ची या चिनी व्यायामपद्धतीने सुमारे १९ टक्के घट झाली. केवळ चालणे, केवळ नृत्य किंवा केवळ बळाचा व्यायाम यांच्याबाबत असा खात्रीलायक निष्कर्ष निघाला नाही. किंबहुना, हाताचे हाड मोडलेल्या स्त्रियांना भरभर चालण्यास सांगणाऱ्या व १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत चालणाऱ्या गटातच पडण्याचा धोका अधिक आढळला होता.

याचे कारण सरावाच्या तत्त्वात आहे. शरीर ज्या कामाचा सराव करते, त्याच कामात ते निपुण होते. सपाट रस्त्यावरील ओळखीच्या फेरीत तोलाला आव्हान मिळत नाही. ठेच लागते तेव्हा, वळताना, मागे सरकताना वा बाजूला पाऊल टाकताना मात्र तोलाची कसोटी लागते. शिवाय चालण्याच्या क्रियेतही बहुतांश काळ शरीराचा भार एकाच पायावर असतो. म्हणून एका पायावर उभे राहण्याची क्षमता ही चालण्याच्या सुरक्षिततेचा पाया ठरते. तोल कमकुवत असताना केवळ चालणे वाढविले, तर पडण्याच्या संधीच वाढतात. चालणे थांबवावे असा याचा अर्थ नाही; त्याला संतुलन व बळ यांच्या व्यायामाची जोड हवी, एवढाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही ज्येष्ठांनी आठवड्यातून किमान तीन दिवस संतुलन व बळ यांवर भर देणारी विविधांगी शारीरिक हालचाल करावी, असे सुचविले आहे.

योगासनांविषयी येथे स्वाभाविकपणे विचारणा होते. वृक्षासन, ताडासन यांसारखी उभ्याने करावयाची आसने तोलाला थेट आव्हान देतात आणि योगाभ्यासाने ज्येष्ठांचे संतुलन सुधारते, असे चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसते. तथापि पडण्याच्या घटना घटतात का, याविषयीचा पुरावा ओटॅगो कार्यक्रमाइतका भक्कम नाही. बैठ्या स्थितीतील प्राणायाम अन्य दृष्टींनी उपयुक्त असला, तरी त्याने पायांचा तोल घडत नाही, हा भेद लक्षात घ्यावा लागतो.

दैनंदिन जीवनातील व्यायाम :

वेगळा वेळ काढून व्यायाम करणे सर्वांना साधत नाही. यावर सिडनी विद्यापीठातील लिंडी क्लेम्सन व सहकाऱ्यांनी मार्ग शोधला. रोजच्या कामांतच संतुलन व बळ यांचा सराव गुंफण्याच्या त्यांच्या पद्धतीची ७० वर्षांवरील व पूर्वी पडलेल्या ३१७ व्यक्तींवर चाचणी झाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पडण्याच्या घटना ३१ टक्क्यांनी घटल्या.

या पद्धतीचे तत्त्व मराठी घरालाही सहज लागू होते. ओट्याजवळ भाजी चिरताना एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून उभे राहणे, फळीवरील डबा काढताना चवड्यांवर उभे राहणे, खुर्चीतून उठताना हातांचा आधार न घेणे, ओट्याच्या कडेने बाजूला चालणे ही त्याची उदाहरणे होत. पूर्वी जेवण, पूजा, निवडणे-टिपणे ही कामे जमिनीवर बसून होत आणि दिवसातून अनेकदा उठबस घडे. डायनिंग टेबल व सोफा यांच्या प्रसाराने पायांना नकळत मिळणारा हा सराव कमी झाला आहे. ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांनी तो टिकवावा, ज्यांना ते शक्य नाही त्यांनी खुर्चीवरून उठबस करावी.

मर्यादा व दक्षता :

व्यायाम हा सर्वांसाठी एकाच साच्याचा उपाय नव्हे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूझीलंडमधील चाचणीत तीव्र दृष्टिदोष असलेल्या ७५ वर्षांवरील व्यक्तींना ओटॅगो व्यायामापेक्षा घरातील धोके दूर करण्याचा अधिक लाभ झाला. रुग्णालयातून नुकत्याच घरी परतलेल्या ज्येष्ठांवरील २०१४ च्या ऑस्ट्रेलियन चाचणीत घरच्या व्यायामाने हालचाल सुधारली, परंतु पडण्याच्या घटना वाढल्या. म्हणून आजारपणानंतर, वारंवार पडणाऱ्यांनी, तसेच चक्कर येणाऱ्यांनी डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट यांच्या सल्ल्यानेच प्रारंभ करावा. घरी सराव करताना हाताशी ओटा, भिंत किंवा न सरकणारे जड टेबल असावे. फरशी कोरडी असावी आणि सुरुवातीस जवळ कोणीतरी असावे.

दुसरी मर्यादा सातत्याची आहे. व्यायाम थांबला की लाभ ओसरतो. २०१७ च्या एका एकत्रित अभ्यासात, तोलाला आव्हान देणारा व्यायाम आठवड्यातून तीन तासांहून अधिक असलेल्या कार्यक्रमांत पडण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. म्हणजेच हे औषध अल्प मात्रेत किंवा अधूनमधून घेऊन भागणारे नाही.

महाराष्ट्राच्या संदर्भात उपयोजन :

महाराष्ट्रात या कार्यासाठी नव्या संस्था उभारण्याची फारशी गरज नाही. गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ, उद्यानांतील योगवर्ग आणि १९९५ मध्ये मुंबईत उगम पावलेली हास्यक्लबांची चळवळ यांमुळे ज्येष्ठांनी एकत्र जमण्याची सवय येथे रुजलेली आहे. या एकत्र येण्यात अर्ध्या तासाचा संतुलनाचा सराव जोडणे शक्य आहे. राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रम २०१०-११ पासून राबविला जात असून त्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी विशेष कक्ष व फिजिओथेरपीची सोय अभिप्रेत आहे. परिचारिकांकडूनही हा कार्यक्रम यशस्वी होऊ शकतो, हा न्यूझीलंडचा अनुभव येथे मार्गदर्शक ठरतो.

महाविद्यालयांचीही यात भूमिका आहे. शारीरिक शिक्षण विभाग व राष्ट्रीय सेवा योजना यांच्या संयुक्त उपक्रमातून प्रशिक्षित स्वयंसेवक दत्तक गावातील ज्येष्ठांपर्यंत पोहोचू शकतात. २०२२ च्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांमध्ये सुचविलेले तीन प्रश्न कोणताही विद्यार्थी विचारू शकतो : गेल्या वर्षभरात आपण पडलात का ? उभे असताना वा चालताना अस्थिर वाटते का ? पडण्याची काळजी वाटते का ? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी आल्यास अधिक तपासणीची गरज आहे, असे समजावे. या प्रश्नांची सुरुवात प्रत्येकाने स्वतःच्या घरातील आई-वडिलांपासून करणे अधिक उचित ठरेल.

निष्कर्ष :

१) पडणे ही वार्धक्यातील अटळ घटना नसून तिचे प्रमाण व्यायामाने घटविता येते.
२) संतुलनाला आव्हान देणारा, बळ वाढविणारा, चढत्या क्रमाचा व सातत्यपूर्ण व्यायामच प्रभावी ठरतो, केवळ चालणे त्यास पर्याय नाही.
३) वयाच्या ऐंशीनंतरही शरीर तोल सांभाळण्यास नव्याने शिकते.
४) व्यायामाला औषधांचा आढावा, दृष्टितपासणी व घरातील सुरक्षितता यांची जोड आवश्यक आहे.
५) ज्येष्ठांना बसवून ठेवणे हा सुरक्षिततेचा मार्ग नव्हे.

समारोप :

उतारवयातील व्यक्तीला जपणे म्हणजे तिला हालचालीपासून दूर ठेवणे, ही कल्पना बदलणे अगत्याचे आहे. मूल चालायला शिकते तेव्हा घरातील मोठी माणसे त्याला उचलून बसवून ठेवत नाहीत. हात धरून चालवितात आणि जमू लागले की हळूहळू बोट सोडतात. ओटॅगो कार्यक्रमातील क्रमही मुळात हाच आहे : आधी आधार, मग अर्धा आधार, शेवटी स्वतःचा तोल. ज्या हातांनी एकेकाळी बोट धरून चालविले, त्यांना उतारवयात 'बसून राहा' असे सांगण्याऐवजी ओट्याजवळ दहा मिनिटे सोबत उभे राहणे, ही घरातील तरुण पिढीने करावयाची साधी, बिनखर्चाची आणि संशोधनाने पाठबळ दिलेली सेवा होय.